पडद्यावर बाबांचं नाव

तुळशीचं लग्न आटोपलं की आमच्या आईची एक धावपळ ठरलेली. बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा. बाबा गेल्यापासून तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ते चालू राहावं म्हणून दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत, हे कागदावर सांगावं लागतं. पहिल्या वर्षी तिला ते फार लागलं होतं. "माणूस गेला तो गेला, आता मी आहे हेही सिद्ध करायचं का?" असं म्हणून ती बँकेच्या बाकावरच डोळे पुसत बसली होती. आता सवय झाली आहे.

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबरात, मी दिल्लीहून चार दिवसांसाठी इंदूरला आले होते. दिवाळीला अंकाच्या कामामुळे येता आलं नव्हतं, त्याची भरपाई म्हणून. "या वेळी तुझा फॉर्म घरीच छापून, भरून देते. तुला काउंटरवर उभं राहायला नको," असं मी आईला ऐटीत सांगितलं. घरात कॉम्प्युटर होता, प्रिंटर होता आणि पत्रकारितेची पदविका घेतलेली, रोज कॉम्प्युटरवर आठ तास काम करणारी मुलगी होती. आणखी काय हवं?

त्याच रात्री मी आणखी एक शहाणपणा केला. बाबांनी २०१९ मध्ये घेतलेला तो कॉम्प्युटर अजून विंडोज १० वर चालत होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला, हे मी वाचलं होतं. नव्या आवृत्तीची सूचना पडद्यावर आलेलीच होती. आई झोपली तेव्हा मी 'हो' म्हटलं आणि मशीन चालू ठेवून मीही झोपले. पाहुणी म्हणून आलेल्या मुलीनं आईला न विचारता तिच्या स्वयंपाकघरातले डबे बदलून ठेवावेत, तसंच हे.

सकाळी पाहते तो सगळं नवं. रंग नवे, बटणं मधोमध आलेली. आईचे फोटो, तिची भजनी मंडळाची वर्गणीची यादी, सगळं जागच्या जागी होतं. बिचारा जुना प्रिंटर मात्र हूं की चूं करेना. नव्या आवृत्तीसाठी त्याचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला हवं होतं. मी ते उतरवून घेतलं, त्यावर क्लिक केलं आणि पडदा एकदम मंद झाला.

मधोमध एक चौकट आली. या कॉम्प्युटरमध्ये बदल करायचे असतील तर प्रशासकाचा पासवर्ड द्या. आणि त्याखाली बाबांचं नाव.

आई चहा घेऊन मागे उभी होती. तिनं ते नाव वाचलं. कप टेबलावर ठेवला आणि काही न बोलता ती आत गेली. आपण हयात आहोत हे सांगायचा फॉर्म छापायला तिला बाबांची परवानगी लागत होती आणि ते जाऊन दोन वर्षं उलटली होती.

कोठीची किल्ली कुणाकडे?

ज्यांना या कॉम्प्युटरच्या भानगडीत रस नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरात माणसं पुष्कळ असली तरी कोठीची किल्ली एकाच्याच कमरेला असायची. कॉम्प्युटरमध्येही तशी दोन तऱ्हेची खाती असतात. साध्या खात्यातला माणूस लिहू शकतो, वाचू शकतो, फोटो पाहू शकतो. पण नवं सॉफ्टवेअर टाकणं, दुसऱ्याचा पासवर्ड बदलणं, दुसऱ्याच्या खात्यातल्या फायली उघडणं ही कामं फक्त प्रशासकाची, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची.

पूर्वी एवढं कडक नव्हतं. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये घरातली बहुतेक खाती प्रशासकाचीच असत. त्यामुळे एखादा व्हायरस शिरला की त्याच्याही हातात सगळ्या किल्ल्या यायच्या. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचलं, त्याबरोबर ही पडदा मंद करून परवानगी विचारणारी चौकट आली. तेव्हा लोक तिला वैतागायचे. पण तिचा हेतू चांगलाच होता. घरात कुणी परका काही ठेवत असेल तर आधी घरच्या कर्त्या माणसाला विचारायचं.

आमच्या घरचे कर्ते बाबा. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेलं, प्रत्येक कागदाला छिद्र पाडून फायलीला लावणारा माणूस. त्यांनी नियमाप्रमाणे स्वतःचं खातं प्रशासकाचं केलं आणि आईचं साधं. "तिनं काहीबाही दाबलं तरी बिघडायला नको," असं ते म्हणायचे. त्यात चूक काहीच नव्हतं. जाणकारही हेच सांगतात की रोजच्या कामाला साधं खातं वापरावं. चूक एवढीच, की दुसरी किल्ली कुणाकडेच नव्हती. आणि ती मागावी हे आम्हाला कधी सुचलं नाही. दोन वर्षं काही अडलंच नव्हतं ना!

मी अंदाज बांधायला बसले. माझी जन्मतारीख, आईचं नाव, लग्नाची तारीख, घराचा नंबर, जुन्या स्कूटरचा नंबर. एकेक टाकत गेले आणि एकेक चुकत गेला. आपल्या वडिलांच्या मनात कोणता शब्द असेल, हे आपल्याला सांगता येत नाही याची मला लाज वाटू लागली.

शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा मदतीला आला. विंडोजमध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नावाचंच एक खातं मुळात दडलेलं असतं, ते उघडू या, असं तो म्हणाला. खातं असतं हे खरं, पण व्हिस्टापासून ते मुद्दामच बंद ठेवलेलं असतं आणि ते उघडायला प्रशासकाचाच पासवर्ड लागतो. फिरून फिरून भोपळे चौकात!

"फॉरमॅट मारू का?"

दुपारी मी बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, यात डोकं लावण्यात अर्थ नाही. फॉरमॅट मारतो. पाचशे रुपये. संध्याकाळपर्यंत नवाकोरा करून देतो."

खरं सांगते, मी 'बरं' म्हटलं होतं. परवा परतीची गाडी होती, फॉर्मचं काम राहिलं होतं आणि त्या चौकटीतलं नाव पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती. आईच्या फायली एका पेन ड्राइव्हवर घेतल्या. त्या मुलानं वायरी काढल्या आणि डबा उचलला.

"थांब रे," आई दारात उभी होती. "ह्यांचं काय काढून घेतलंस?"

"आजी, तिकडे पासवर्ड आहे. ते निघत नाही."

"मग राहू दे. आधी ह्यांच्या खोलीतलं सामान काढून घेऊ. घर पाडायचं ते मग पाडा."

मला तेव्हा भान आलं. घराच्या खरेदीखताची, बाबांच्या निवृत्तिवेतनाच्या आदेशाची, विम्याच्या पावत्यांची प्रत बाबांनी त्यातच ठेवली होती. निवृत्तीनंतर दोन वर्षं बसून त्यांनी घरातले जुने फोटो एकेक करून त्यात उतरवले होते. मूळ फोटोंतले निम्मे तर वाळवीनं खाल्ले. आणि पाचशे रुपये देऊन ते सगळं मी पुसून टाकणार होते! बाबांच्या वस्तू जपून ठेवा म्हणून आईला सांगणारी मीच.

फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे, पाटी पुसणं. मला मागाहून कळलं की हार्ड डिस्क सांकेतिक कुलपात नसेल तर जाणकार माणूस ती काढून, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून त्यातलं सामान आधी उतरवून घेऊ शकतो. त्या मुलानं ते सांगितलं नाही, पण मीही विचारलं नव्हतं. त्याला जाण्या-येण्याचे शंभर रुपये देऊन परत पाठवलं.

टोपणनाव

संध्याकाळी मी आमच्या कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "खातं ऑनलाइन आहे की त्या मशीनपुरतं?"

हा प्रश्न महत्त्वाचा. खातं ऑनलाइन, ई-मेलशी जोडलेलं असेल तर पासवर्ड मोबाइलवर किंवा ई-मेलवर आलेला कोड टाकून बदलता येतो. बाबांचा मोबाइल नंबर तर आम्ही सहा महिन्यांतच बंद केला होता. तसं असतं तर आम्ही खरंच अडकलो असतो. सुदैवानं बाबांनी खातं मशीनपुरतंच ठेवलं होतं. त्यांच्या नावाखाली ई-मेलचा पत्ता नव्हता.

"मग एक कर," सहकारी म्हणाला. "ती परवानगीची चौकट सोड. सगळं बंद करून सुरुवातीच्या पडद्यावर ये. तिथे बाबांचं नाव निवड आणि मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाक."

मी तसं केलं. पासवर्ड चुकला अशी सूचना आली आणि तिच्यानंतर, पासवर्डच्या रकान्याखाली, सकाळपासून मला न दिसलेली एक ओळ उमटली. पासवर्ड पुन्हा ठरवा. सकाळी मी त्या मंद पडद्यावरच झगडत बसले होते. ही ओळ तिथे येतच नाही.

२०१८ पासून विंडोजमध्ये अशी सोय आहे की मशीनपुरतं खातं उघडताना तीन प्रश्नांची उत्तरं देऊन ठेवायची. पासवर्ड विसरलात तर तीच उत्तरं द्यायची. बाबांचं खातं २०१९ चं. त्यांनी निवडलेले तीन प्रश्न समोर आले. तुमचा जन्म कोणत्या गावी झाला? तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय? लहानपणी तुमचं टोपणनाव काय होतं?

मी आईला हाक मारली. या तीन प्रश्नांपुढे माझी पदविका काही कामाची नव्हती.

आई खुर्ची ओढून बसली. पहिलं उत्तर तिनं क्षणात दिलं. "देवास." दुसऱ्याला जरा थांबली. "कुत्रा-मांजर ह्यांच्याकडे कधी नव्हतं. पण कपिला नावाची कालवड होती. तिला विकलं तेव्हा हे दोन दिवस जेवले नव्हते म्हणे." तिसऱ्याला मात्र ती गप्प झाली. घरात त्यांना बंडू म्हणत, असं ती म्हणाली. ते टाकून पाहिलं. उत्तरं जुळत नव्हती.

"एकेचाळीस वर्षं संसार केला," ती हळूच म्हणाली, "आणि मला हे माहीत नाही."

मग आत्याला फोन लावला. बाबांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या घरात. आईनं विचारलं, "वन्सं, ह्यांना लहानपणी काय हाक मारायचे हो तुम्ही?"

पलीकडून करडा आवाज आला. "कोण बोलतंय? मी ओटीपी-बिटीपी काही सांगणार नाही हं! फार फसवाफसवी चालली आहे."

आईला इतकं हसू आलं की तिच्याच्यानं बोलवेना. मी फोन घेऊन सगळं समजावून सांगितलं. आत्या थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "टिल्लू. मुंजीपर्यंत टिल्लूच होता तो. फार किरकोळ होता ना अंगानं. मुंजीत त्यानं आईला सांगितलं, आता मी मोठा झालो, आता मला टिल्लू म्हणायचं नाही. तेव्हापासून कुणी म्हटलं नाही." आणि तिचा आवाज भरून आला. "त्याला लक्षात होतं होय गं?"

इंग्रजी स्पेलिंगवर थोडी अडखळलो. एक एल की दोन? शेवटी यू की दोन ओ? बाबा शुद्धलेखनाचे पक्के, म्हणून दोन एल आणि शेवटी दोन ओ टाकले. पडदा क्षणभर थांबला आणि नवा पासवर्ड विचारू लागला. आईनं माझा हात घट्ट धरला होता, तो तेव्हा सुटला.

बंद कपाटात ठेवलेली किल्ली

बाबांचं खातं उघडलं. पडद्यावर फार काही नव्हतं. चार फोल्डर, चारही नीट नावं घातलेले. फोटो होते, कागदपत्रं होती. आणि 'महत्त्वाचे' नावाची एक फाइल होती.

तुम्हाला वाटेल, त्यात आईला लिहिलेलं पत्र असेल. तसं काही नव्हतं. बाबा पत्रं लिहिणाऱ्यांतले नव्हते. त्यात यादी होती. गॅसचा ग्राहक क्रमांक, विजेच्या मीटरचा क्रमांक, विम्याच्या पॉलिसी आणि त्यांच्या मुदती, नळवाल्याचा फोन, पाण्याच्या टाकीचा कोणता व्हॉल्व कुठे फिरवायचा, कोणत्या बँकेत कोणाचं नाव वारस म्हणून लावलं आहे. त्याखाली सगळे पासवर्ड ओळीनं. या कॉम्प्युटरचा पासवर्डही. आणि अगदी शेवटची ओळ अशी. 'प्रिंट काढून हिला देणे व एक प्रत कपाटात ठेवणे.'

ते करायचं तेवढं राहून गेलं होतं.

आईनं ती यादी दोनदा वाचली. वॉल्व्हच्या ओळीपाशी थांबून म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात टाकी वाहत होती, तेव्हा मी सगळ्या गल्लीला विचारलं होतं." रागावली होती की हसत होती, मला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

रात्री प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकलं. या वेळी मंद पडदा आला तेव्हा आईनंच पासवर्ड टाकला. पहिला कागद छापला तो हयातीच्या फॉर्मचा नव्हे, त्या यादीचा. दोन प्रती. एक आईच्या हाती, एक कपाटात. बाबांनी लिहिलं होतं तसंच.

आपल्याही घरी पाहा

वाचकहो, आपल्या साप्ताहिकातून आम्ही तुम्हाला वारसाचं नाव लावा, मृत्युपत्र करा, असं नेहमी सांगतो. माझ्याच घरात कॉम्प्युटरचा वारस लावलेला नव्हता. म्हणून माझ्या चुकीतून शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रशासकाचं खातं कुणाचं आहे, ते आजच पाहा. सेटिंग्जमध्ये खात्यांच्या भागात गेलं की नावाखाली ते लिहिलेलं असतं. प्रशासकाची निदान दोन खाती असू द्या, म्हणजे एकाचा पासवर्ड अडला तर दुसऱ्यातून सोडवता येईल. नवी आवृत्ती घेण्याआधी दोन्ही पासवर्ड टाकून पाहा आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. हे काम माझ्यासारखं रात्री झोपताना करू नका.

अलीकडच्या पुष्कळ कॉम्प्युटरांत डिस्कवरची माहिती सांकेतिक कुलपात असते. काही वेळा मोठ्या बदलानंतर मशीन ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागतं. ती बहुधा मालकाच्या ऑनलाइन खात्यात साठवलेली असते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. ती हरवली तर कुणीही दुरुस्तीवाला ती माहिती परत आणू शकत नाही.

घरातलं माणूस गेलं तर त्याचा मोबाइल नंबर लगेच बंद करू नका. सगळी खाती मार्गी लागेपर्यंत तो चालू ठेवा. बंद झालेला नंबर काही काळानं दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. आपल्या पश्चात आपली माहिती कुणाला मिळावी, हे हयातीतच नोंदवण्याची सोय गुगलनं २०१३ पासून आणि अ‍ॅपलनं २०२१ पासून दिली आहे. तिचा उपयोग करून घ्या.

आणि टोपणनाव, पहिली शाळा, पाळीव प्राण्याचं नाव अशी उत्तरं समाजमाध्यमांवरच्या गमतीच्या खेळांत देत बसू नका. त्या किल्ल्याच आहेत. आमची उत्तरं आम्ही आता बदलली आहेत, म्हणून इथे निर्धास्त लिहिली.

आईची पाळी

निघण्याच्या आदल्या दिवशी मी प्रशासकाचं नवं खातं उघडलं. त्याचं नाव 'घर'. आईचं रोजचं खातं साधंच ठेवलं, पण 'घर'चा पासवर्ड तिचा. बाबांचं खातं काढून टाकायचं का, असं मी विचारलं. "जागा अडते का त्यानं?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. "मग राहू दे."

नवं खातं उघडताना मशीननं पुन्हा तेच तीन प्रश्नांचं पान पुढे केलं. आईनं चष्मा पुसला, यादी वाचली आणि टोपणनावाच्या प्रश्नावर बोट ठेवलं. मग एकेक अक्षर शोधत तिनं उत्तर टाइप केलं.

मी पाहतच राहिले. सदतीस वर्षांत मी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. तिला कुणी लहानपणी काही वेगळी हाक मारत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"हे नाव कुणी ठेवलं होतं गं?"

"चहा टाक," आई म्हणाली. "सांगते."

त्या दिवशी फॉर्म भरायला आम्हाला रात्रीचे दहा वाजले. ते नाव काय होतं, हे मात्र इथे लिहीत नाही. कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.